शेळीसाठी कर्ज घ्यायचं, पण हप्ता कशातून जाणार? (बचत गट विरुद्ध कंपनीचं कर्ज)

उंबरठा
तुळजापूर तालुक्यातल्या एका गटासाठी विचारतेय. ११ बायका, ३ वर्षं जुना गट, महिना १०० रुपये बचत. अंतर्गत कर्ज महिना दरशेकडा २ रुपयांनी फिरतं. फिरता निधी (गटाला आत कर्ज फिरवायला मिळणारी सरकारी रक्कम) ३०,००० मिळालेला आहे, बँकेचं कर्ज अजून एकदाही घेतलेलं नाही. सगळ्यांना तीन-तीन उस्मानाबादी शेळ्या घ्यायच्या आहेत. एक मायक्रोफायनान्स कंपनी प्रत्येकीला ४०,००० द्यायला तयार आहे. मुदत २४ महिने, व्याज २४ टक्के, हप्ता दर महिन्याला, आणि आठ दिवसांत पैसे हातात. बँकेत दोन-तीन महिने जातील म्हणून बायकांचा कल कंपनीकडे आहे. नुसतं 'व्याज जास्त आहे' म्हणून त्या ऐकणार नाहीत. आकड्यांत काय दाखवू?

खतावणी
ताई, व्याजाचा दर क्षणभर बाजूला ठेवा. आधी तारखा मांडा.

४०,००० कर्ज, २४ टक्के घटत्या शिलकीवर, २४ हप्ते: हप्ता साधारण २,११५ बसतो. एकूण फेड ५०,७६०, त्यात व्याज १०,७६०. पहिला हप्ता पुढच्याच महिन्यात.

आता शेळी. गाभण शेळ्या घेतल्या आणि अडीच महिन्यांनी व्यायल्या असं धरू. तीन शेळ्यांची पाच करडं, एक मेलं, उरली चार. एक पाट (मादी करडू) घरी ठेवली, तीन विकायची. आठ महिन्यांचं करडू १८ किलोचं, हिशेबापुरता जिवंत वजनाला ४०० रुपये किलो दर (तुमच्या बाजारचा दर टाका), म्हणजे नगाला ७,२००. तीन नगांचे २१,६००. हे पैसे येणार साडेदहाव्या महिन्यात. तोपर्यंत दहा हप्ते गेलेले असतील, २१,१५०. म्हणजे शेळीचा पहिला रुपया घरात यायच्या आधी तेवढीच रक्कम मजुरीतून भरून झालेली असते.

दुसरं वेत धरा, चार करडं, २८,८००, साधारण अठरा-एकोणीसाव्या महिन्यात. दोन वर्षांची एकूण आवक ५०,४००, एकूण फेड ५०,७६०. चारा, औषध, विमा यात अजून धरलेलाच नाही. दोन वर्षांनी दावणीला शेळ्या राहतील हे खरं, आणि ती मालमत्ताच आहे. पण मधल्या काळातली रोकड कुठून आणणार? हप्ता चुकायला लागला की बाई पहिल्यांदा विकते ती दुभती शेळी. तिथेच धंदा संपतो.

माळावरची शेरडं
खतावणीराव, हिशेब बरोबर आहे पण जरा उदार झालात.

ऑक्टोबरमध्ये शेळी घेतली तर वेत डिसेंबरअखेर-जानेवारीत येतं. ऐन थंडीत जन्मलेल्या करडांची पहिल्या महिन्यात मर जास्त, फुफ्फुसदाह आणि हगवण. आणि आठ महिने मोजले की येतो श्रावण आणि गणपती. त्या वेळी गिऱ्हाईक नसतं, व्यापारी दर पाडून मागतो. शहाणी बाई दसऱ्यापर्यंत थांबते. देवीचा भाग आहे, दसऱ्याला बोकडाला मागणी असतेच. वजनही १८ चं २० होतं. पण म्हणजे पहिली विक्री साडेदहाव्या नाही, बाराव्या महिन्यात. अजून एक-दोन हप्ते पदरचे.

दुसरं, आठ महिन्यांनी एक वेत (दोन वर्षांत तीन) हे चांगल्या सांभाळातलं. गाभणकाळ १५० दिवसांचा. म्हणजे व्यायल्यावर तीन महिन्यांत ती पुन्हा फळली पाहिजे. खुराक नसेल तर ती माजावरच येत नाही आणि वेताचं अंतर दहा-अकरा महिन्यांवर जातं. तुमचं दुसऱ्या वेताचं उत्पन्न मग २४ महिन्यांत बसतच नाही.

खरेदीत काय बघायचं: दोनदाती किंवा चारदाती, एक-दोन वेतं झालेली, सडं दोन्ही चालू, कासेत गाठ नाही. 'गाभण आहे' हे विकणाऱ्याच्या तोंडचं ऐकायचं नाही. साडेतीन-चार महिन्यांची असेल तर हाताने कळतं, त्याआधी डॉक्टरांना दाखवा. बाजारातून शक्यतो घेऊच नका, गावातून घ्या. बाजारात दहा गावची जनावरं एकमेकांना घासतात, पीपीआर (शेळ्यांचा साथीचा रोग) तिथूनच घरी येतो. आणि घेतलीच तर घरच्या शेळ्यांत सोडण्याआधी तीन आठवडे वेगळी बांधा. हे कुणी करत नाही, आणि मग पंधरा दिवसांत कळप झोपतो.

चिमटा
म्हणजे सूक्ष्म कर्जाने गरिबी हटते हे सगळं थोतांडच ना?

खतावणी
तसं नाही, पण ढोल वाजवण्यासारखंही नाही. २०१५ मध्ये हैदराबादसह सहा ठिकाणचे अभ्यास एकत्र छापून आले. सार असं की ज्यांचा धंदा आधीपासून चालू आहे त्यांना थोडा फायदा, पण सरसकट आयुष्य पालटलं असं कुठे दिसलं नाही. अगदी तळातल्या घरासाठी कर्ज हे पहिलं पाऊल नव्हेच. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने २००२ पासून वेगळी रीत घातली: आधी जनावर मोफत, काही महिने खायला भत्ता, दर आठवड्याला घरी येऊन शिकवणारा माणूस, बचत, आणि मग कर्ज. पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबादला बंधन या संस्थेने हीच पद्धत राबवली, तिचे परिणाम काही वर्षांनीही टिकलेले दिसले. तेव्हा उंबरठाताई, ११ जणींत एखादी एकटी, भूमिहीन, मजुरीही अनियमित अशी असेल तर तिच्या गळ्यात ४०,००० घालू नका. तिला गटाच्या अंतर्गत निधीतून एक शेळी द्या.

उंबरठा
अशा दोघी आहेत. मुद्दा लक्षात घेतला. पण बँकेचं काय? मागे एकदा शाखेतून 'नंतर या' म्हणून परत पाठवलं होतं.

बँकेची पायरी
'नंतर या'चं कारण बहुतेक वेळा वह्यांत असतं. गटाने ६ महिने नियमित व्यवहार केलेत हे वहीवरून दिसलं पाहिजे. पंचसूत्री तुम्हाला माहीत आहेच: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, फेड, आणि अद्ययावत लेखे. श्रेणीकरणात (बँक गटाला गुण देते त्यात) गुण जातात ते शेवटच्या सूत्रावर. रोखवहीतली शिल्लक आणि बँक पासबुक जुळत नाही, हजेरीवर एकाच हाताच्या अकरा सह्या, आणि वैयक्तिक खातेवही चार महिने मागे. हे घेऊन गेलात तर कोणीही परत पाठवेल.

रकमेचं बघू. गटाचा स्वनिधी म्हणजे बचत + व्याजाची कमाई + फिरता निधी. तुमची बचत ११ × १०० × ३६ = ३९,६००. व्याज समजा ८,४००. फिरता निधी ३०,०००. एकूण ७८,०००. पहिल्या कर्जाला स्वनिधीच्या सहापट किंवा दीड लाख, यातलं जास्त असेल ते. सहापट म्हणजे ४,६८,०००.

आणि इथे थांबा! मिळतात म्हणून सगळे उचलू नका. ३ लाखांपर्यंत व्याज ७ टक्के. त्यावर, ५ लाखांपर्यंत, दर बँकेच्या एमसीएलआरप्रमाणे (बँकेचा स्वतःचा आधार दर), कमाल १०. वेळेवर फेडलं तर मिळणारी व्याजातली सवलतही ३ लाखांपर्यंतच. तेव्हा पहिल्या फेरीत आठ जणींनी घ्यावं, ३ लाखांच्या आत, म्हणजे प्रत्येकी फार तर ३७,५००. दोघींना अंतर्गत निधीतून शेळी देणार म्हणताच आहात, उरलेली एक पुढच्या फेरीत.

तारण: १० लाखांपर्यंत गटाकडून तारण मागता येत नाही, मार्जिनही (पदरचा हिस्सा) नाही, आणि गटाच्या बचत खात्यावर बोजाही चढवता येत नाही. 'आधी ५० हजारांची मुदत ठेव करा' असं कुणी म्हणालं तर लेखी द्या म्हणावं. विषय तिथेच मिटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी विचारत नाही. कर्ज दोन प्रकारे मिळतं. मुदत कर्ज घेतलं तर पहिल्या कर्जाची फेड २४ ते ३६ महिन्यांत, मासिक *किंवा त्रैमासिक* हप्त्याने. हे 'किंवा' नियमातच आहे, पण अर्ज भरताना कुणी बोललं नाही तर शाखा मासिक टाकून मोकळी होते. दुसरा प्रकार कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत हवे तेव्हा पैसे काढता-भरता येणारं कर्जखातं. त्यात दर महिन्याला लागलेल्या व्याजाइतकी रक्कम खात्यात जमा झाली आणि उचल मर्यादेच्या आत राहिली की खातं नियमित धरलं जातं. मुद्दल जनावर विकल्यावर भरता येते. ४०,००० ला ७ टक्क्यांनी महिन्याचं व्याज २३३ रुपये. शेळीला हाच प्रकार बसतो.

खतावणी
या प्रतिसादाची प्रिंट काढून गटात वाचा. २,११५ आणि २३३ हे दोनच आकडे फळ्यावर शेजारी लिहिले तरी पुरे.

फक्त एक धोका आहे. कॅश क्रेडिटला मुद्दलाची सक्ती नसते म्हणून बाया निवांत होतात आणि तीन वर्षांनी मुद्दल तशीच उभी. म्हणून ठराव आधीच करून ठेवा: प्रत्येक विक्रीतले निम्मे पैसे त्याच आठवड्यात कर्जखात्यात. २४,००० ची विक्री झाली की १२,००० थेट भरणा. बाकीच्यातून विमा, औषध, मग घर. आणि गटाने सभासदाला लावायचा दर महिना १ टक्क्याच्या वर नेऊ नका. ७ ने आणलेला पैसा २४ ने देऊन गट श्रीमंत होतो आणि बाई तिथेच राहते. असे गट पाहण्यात आहेत, वार्षिक सभेत लाभांशाचे हार घालतात.

उंबरठा
कंपनीच्या साहेबांनी बैठकीत 'आमचा दर १३ टक्केच आहे' असंही सांगितलं. कागदावर २४ आहे. हे कसं?

खतावणी
दोन्ही एकच आहे! १०,७६० व्याज ÷ ४०,००० ÷ २ वर्षं = साधारण साडेतेरा. याला सपाट दर म्हणतात. मूळ मुद्दलावर पूर्ण मुदतीचं व्याज मोजायचं, जरी दर महिन्याला मुद्दल परत जात असली तरी. ढोबळ आडाखा: सपाट दराची जवळजवळ पावणेदोन ते दोन पट म्हणजे खरा दर. १२ टक्के सपाट, एक वर्ष, मासिक हप्ते असतील तर खरा दर साडेएकवीस निघतो.

आणि हातात ४०,००० येतच नाहीत. प्रक्रिया शुल्क १ टक्का आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७२. विम्याचे समजा ८००. हातात ३८,७२८, हप्ता मात्र ४०,००० चा. खरा दर मग २७ च्या पुढे जातो. कंपनीने माहितीपत्रकात हा सर्व खर्च धरून वार्षिक दर छापायचा असतो, तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. ते पान सहीच्या *आधी* मागा.

बँकेची पायरी
कंपनीवाल्यांनाही नियम आहेत, रिझर्व्ह बँकेचे, १ एप्रिल २०२२ पासून. कामाचे तेवढे सांगतो. घराचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर ते कर्ज सूक्ष्म कर्ज, विनातारणच. घरातल्या *सगळ्या* कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. १२,००० उत्पन्न असेल तर सगळे मिळून ६,०००. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही. हप्ता आठवड्याने, पंधरवड्याने की महिन्याने हे कर्जदाराने निवडायचं. वसुली ठरलेल्या जागी. सलग दोन वेळा तिथे कुणी आलं नाही तरच घरी किंवा कामाच्या जागी जाता येतं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचे फोन नाहीत. तक्रार आधी कंपनीकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक.

व्याजदरावर मात्र आता कमाल मर्यादा नाही. २०१० च्या आंध्रातल्या सूक्ष्म कर्जांच्या गोंधळानंतर मालेगाम समितीच्या अहवालातून बंधनं आली होती, ती २०२२ मध्ये निघाली. त्यामुळे दर वाचणं तुमच्यावरच आलं.

रानसखी
माझा प्रश्न सोपा आहे. ११ जणींपैकी कितींवर आधीच कर्ज आहे? गावात बचत गटालाही 'गट' म्हणतात आणि कंपनीच्या पाच-दहा बायकांच्या जामीन गटालाही 'गट'च म्हणतात. त्यामुळे 'माझ्यावर गटाचं कर्ज आहे' म्हणजे नेमकं कुणाचं, हे विचारल्याशिवाय कळत नाही. शिवाय दुसरीसाठी आपल्या नावावर उचललेलं कर्ज. पैसे वापरले जावेने, अंगठा हिचा, थकबाकीही हिचीच. प्रत्येकीचा पतअहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, सगळ्यांचे काढून बैठकीत उघडा. लाज वाटेल, पण नंतरच्या भांडणापेक्षा बरं.

बँकेची पायरी
बरोबर. आणि एक-दोघी थकबाकीदार निघाल्या म्हणून गटाचं कर्ज अडत नाही, गट स्वतः थकीत नसला की झालं. फक्त त्या रकमेतून त्या थकबाकीदार सभासदाला कर्ज द्यायचं नाही. शाखेत हे माहीत नसेल तर सांगावं लागतं. केवायसी खातं उघडताना पदाधिकाऱ्यांचीच लागते, कर्जाच्या वेळी सगळ्यांची. नावातला फरक (माहेरचं-सासरचं) आधीच निस्तरून घ्या, फाइल त्यावरच महिनाभर पडून राहते. सूक्ष्म गुंतवणूक आराखड्यात (कुणी किती पैसे कशाला घेणार तो कागद) 'शेळीपालन ४०,०००' एवढं एका ओळीत लिहू नका. शेळ्या ३३,०००, जाळी-पत्रे ४,०००, विमा-औषध १,०००, खुराक २,००० असं फोडा, ३७,५०० च्या वरचे पदरचे दाखवा, आणि विक्रीचे महिने लिहा. तो कागद बघूनच हप्ता त्रैमासिक ठेवायचा की कॅश क्रेडिट द्यायचं हे व्यवस्थापक ठरवतो.

रानसखी
खुराकाचे २,००० कमी पडतील, पण असो. शेळीच्या बाजूने सांगते.

लसी: आंत्रविषाराची (आतड्यातल्या विषबाधेचा रोग) पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये. पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी बूस्टर, हा नव्वद टक्के ठिकाणी राहतो आणि मग 'लस देऊनही मेली' अशी ओरड. पीपीआरची चार महिन्यांच्या पुढच्या करडांना, ती तीन वर्षं पुरते. जंतनाशक पावसाळ्याआधी आणि नंतर. अल्बेंडाझोल गाभण शेळीला पहिल्या महिन्या-दीड महिन्यात द्यायचं नाही, करडांत व्यंग येतं. कुठली गाभण आहे हे माहीत नसताना पूर्ण कळपाला पाजणं ही नेहमीची चूक.

करडू जन्मलं की नाळेला आयोडीन आणि पहिल्या तासात चीक. वार पडायची वाट बघत चीक थांबवतात, ते चुकीचं. पहिले पंधरा दिवस रात्री गोणपाटाचा आडोसा, खाली कोरडं.

चारा: एका शेळीला दिवसाला ३-४ किलो हिरवा, किलोभर वाळला, २००-२५० ग्रॅम खुराक. भूमिहीन बाईला हिरवा बांधावरून मिळेल, उन्हाळ्यात मात्र नाही. म्हणून तुरी-हरभऱ्याच्या राशी झाल्या की भुसकट भरून ठेवायचं. तीन शेळ्या × १ किलो × १२० दिवस, साधारण ३६० किलो, करडांसाठी थोडं वर. मेमध्ये विकत घ्यायला गेलात तर दर बघून रडू येईल. सुबाभूळ चालतं, पण एकूण हिरव्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. आणि लग्नातला उरलेला भात-पोळी शेळीपुढे ओतू नका. पोटात आम्ल होऊन एका रात्रीत जाते, आणि विम्याचा माणूस आजार विचारतो तेव्हा सांगायला तोंड नसतं.

विम्याचं: राष्ट्रीय पशुधन अभियानात हप्त्यातला १५ टक्केच वाटा मालकाचा. कानातला बिल्ला पडला असेल तर दावा नाही. पडल्या दिवशीच कळवून नवा मारून घ्या. शेळी मेली तर आधी कळवायचं, बिल्ला दिसेल असा फोटो, शवविच्छेदन, मगच पुरायची. बिल्ला काढून घरात ठेवायचा आणि शेळी ओढ्यात टाकायची, असं झालं की संपलं.

उंबरठा
खूप उपयोग झाला. आता असं ठरतंय: आठ जणी, ३ लाखांच्या आत, कॅश क्रेडिट. दोघींना अंतर्गत निधीतून एकेक शेळी, एक पुढच्या फेरीत. पुढच्या बकरी ईदला बोकडं धरून ठेवायची असा बायकांचा विचार आहे, तेव्हा दर चढा असतो. चालेल?

माळावरची शेरडं
ईदचा हिशेब जपून करा. कुर्बानीला बोकड वर्ष पूर्ण झालेला लागतो, आठ-नऊ महिन्यांचा चालत नाही. गिऱ्हाईक दात बघून घेतं. लंगडा, मोडक्या शिंगाचा, फाटक्या कानाचा कुणी घेत नाही. आणि ईद दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ती ७ जूनला होती. तुमची जानेवारीतली करडं त्या वर्षीच्या ईदला बसत नाहीत, पुढच्या वर्षीच्या बसतील, म्हणजे १६ महिने सांभाळ. प्रत्येकीने फार तर एक देखणा बोकड राखावा, बाकीचे दसऱ्याला काढावेत.

विकताना काटा स्वतःचा. ५० किलोचा लटकता काटा गटात एकच घेतला तरी आठ घरांत फिरतो. व्यापारी नजरेने उक्तं मागतो आणि २० किलोच्या बोकडाला 'पंधरा-सोळा भरेल' म्हणतो. चार किलो × ४०० म्हणजे कंपनीच्या हप्त्याच्या पाऊण रक्कम तोंडी गेली.

आणि आठ घरांच्या २४ शेळ्यांना बोकड एकच पुरतो, तोही धरा खर्चात. दोन वर्षांनी बदला, नाहीतर त्याच्याच पाटी त्याच्याकडून फळतील.

उंबरठा
बोकड आराखड्यात धरलाच नव्हता. तो कुणाच्या नावावर घ्यायचा, गटाच्या?

बँकेची पायरी
घेऊ शकता, गटाच्या स्वनिधीतून, ठराव करून. बँकेच्या कर्जातून नको, ते आठ जणींचं आहे. सांभाळणारीला प्रत्येक फळवणीमागे ठरावीक पैसे द्यायचे हेही ठरावातच लिहा, आणि मेला तर नुकसान कुणाचं तेही.